साठ वर्षांनी म्हटलेला पाळणा

भिंगारच्या कॅम्पात मी एकोणतीस वर्षं बँड चालवला. त्याआधी नऊ वर्षं दुसऱ्याच्या बँडमध्ये क्लॅरिनेट फुंकलं. लग्नाच्या वराती, उरूस, गणपती, शाळेची बक्षिसं, साहेबलोकांच्या मेसमधली रविवारची जेवणं, सगळीकडे आम्ही वाजवलं. त्या सगळ्यांबद्दल लिहायचं तर तुमच्या अंकाची पानं पुरणार नाहीत आणि वाचणाराही कंटाळेल. म्हणून एकाच गोष्टीबद्दल लिहितो. मोठ्या माणसाच्या वाढदिवसाला काय वाजवायचं, हा प्रश्न दुसऱ्या मोठ्या लढाईच्या वर्षांत माझ्यापुढे तीन-चार वेळा आला आणि दर वेळी त्यानं मला घाम फोडला.

हल्ली तुम्हाला यात अडचण दिसणार नाही. केक येतो, मेणबत्त्या येतात, सगळे मिळून ती इंग्रजी चाल म्हणतात आणि टाळ्या वाजवतात. आमच्या वेळी नगर शहरात मोठ्या माणसाचा वाढदिवस हीच नवलाची गोष्ट होती. लहान मुलाला ओवाळायचे, मोठ्याला कोण विचारतो? साठी झाली तर होम आणि जेवण, ऐंशी ओलांडली तर सहस्रचंद्रदर्शन, आणि त्यात मंत्र म्हणायला भटजी. बँडवाल्याचं तिथं काम नव्हतं.

ती इंग्रजी चाल मी मेसमध्ये शिकलो. शिकायला पाच मिनिटं लागली. चार ओळी, त्यातल्या तीन जवळजवळ सारख्या, तिसरीत सूर एकदम वर जातो आणि तिथं बहुतेक साहेबांचा गळा फाटतो. वाजवणाऱ्याला तिच्यात काही नाही. पण मी वाजवता वाजवता ज्याचा वाढदिवस असेल त्याच्या तोंडाकडे बघायचो. पाच वर्षांचं पोर असलं की ते खुलतं. चाळिशीच्या पुढचा माणूस मात्र उभा राहून कुठं बघावं ते न कळल्यासारखा काट्याचमच्यांशी खेळत राहतो. सगळे त्याच्याकडे बघत गातात आणि त्याला करण्यासारखं काहीच नसतं.

मेसमधल्या एका पिकल्या मिशीच्या क्वार्टरमास्टर साहेबानं तर माझ्याकडे येऊन स्पष्टच सांगितलं, “मास्टर, कल मेरा बर्थडे है. वो बच्चेवाला गाना नहीं. चलनेवाला कुछ बजाओ.” दुसऱ्या दिवशी आम्ही एक संथ मार्च वाजवला. म्हातारा उठला आणि टेबलाभोवती चालायला लागला. त्याच्यामागे एक उठला, मग दुसरा. वीस-बावीस अंमलदार हातात पेला घेऊन, एकमेकांच्या मागे, टेबलाला तीन फेऱ्या घालून बसले. कुणी काही गायलं नाही, कुणी त्याच्याकडे टक लावून बघितलं नाही. म्हातारा खूष झाला. मीही एक गोष्ट शिकलो, की मोठ्या माणसाला वाढदिवशी काहीतरी करायला द्यावं, नुसतं उभं करू नये.

घोडेगावच्या महादबांचा वाढदिवस हा माझा सगळ्यात फजितीचा प्रसंग. महादबा गुरांच्या बाजारातले दलाल. त्यांच्या मुलानं शहरात कुठं तरी वाढदिवस बघितला आणि बापाचा करायचं मनात घेतलं. आम्ही बैलगाडीतून ढोल-ताशांसकट घोडेगावला पोचलो. महादबा लिंबाखाली बसले होते.

मी विचारलं, “दादा, वाढदिवसाला काय वाजवायचं?”

“कसला वाढदिस?” ते म्हणाले. “कंच्या दिशी जल्मलो कुनाला ठाव? बाजाराच्या दिशी जल्मलो, येवडं आई सांगायची. म्हून पोरानं आज बाजार बघून तुमास्नी बोलिवलं.”

“वय किती असेल?”

महादबांनी खांद्यावरचं उपरणं काढून माझ्या हातावर टाकलं आणि त्याखाली माझी बोटं धरली. गुरांचे भाव तिथं असेच ठरतात, तोंडानं कुणी आकडा बोलत नाही. त्यांनी बोटं दाबली, सोडली, पुन्हा दाबली. मला काही समजलं नाही. ते मिशीत हसले, “कळ्ळं न्हाई ना? मलाबी न्हाई.”

मुलाचा हट्ट म्हणून आम्ही भर बाजारात सुरुवात केली. ढोलाचा पहिला ठोका पडला आणि शेजारच्या दावणीच्या दोन म्हशींनी खुंटा उपटला. त्यांच्यामागे सगळा बाजार उधळला. बैल, गोऱ्हे, बकऱ्या, त्यांच्यामागे मालक, आणि शिव्या म्हणाल तर त्या सगळ्या आमच्या नावानं. आमचा ढोलवाला शंकर ढोल पाठीवर घेऊन लिंबावर चढला. गुरं गोळा व्हायला दुपार टळली. मी महादबांची माफी मागायला गेलो, तर ते डोळ्यांतलं पाणी पुसत होते. हसून हसून आलेलं.

“मास्तर, लई झ्याक झालं. आसा वाढदिस आख्ख्या तालुक्यात कुनाचा झाला न्हाई. आता ते ढोलकं ऱ्हाऊ द्या झाडावरच. येकट्यानं वाजवा हळू, जनावरं आयकतील.”

मी एकट्यानं क्लॅरिनेट वाजवलं. जनावरं ऐकत होती की नाही ते सांगता येणार नाही, पण पळाली नाहीत.

हे सगळं सांगायला गमतीचं. आता गुरुजींच्या साठीबद्दल लिहितो. ते सांगताना मला अजून थोडं जपून लिहावं लागतं.

धोंडोपंत गुरुजी माळीवाड्याजवळ राहायचे. मराठी शाळेत मी त्यांच्या हाताखाली सातवीपर्यंत शिकलो. आज हे चार शब्द लिहितो आहे ते त्यांच्या छडीमुळे. बेचाळीसच्या गडबडीनंतरच्या थंडीत त्यांचा थोरला मुलगा विनायक माझ्याकडे भिंगारला आला. तो कॅम्पातल्या लष्करी डेपोत कारकून होता.

“मास्तर, माघात बाबांची साठी आहे,” तो म्हणाला. “सकाळी होम, मग ओवाळणं आणि जेवण. आमचे मोठे साहेब जेवायला येणार आहेत. ओवाळताना तुमचा बँड हवा. मेसमध्ये वाजवता ती वाढदिवसाची चाल वाजवा. साहेबांना बरं वाटेल.”

मी म्हटलं, “गुरुजींना विचारलंस का?”

त्यानं दाराकडे बघितलं. मग हलक्या आवाजात म्हणाला, “माधव आत आहे ते तुम्हाला माहीत आहे. डेपोत कुणाला माहीत नाही. कळलं तर माझी नोकरी राहील का? साहेब एकदा घरी येऊन जेवून गेले, सगळं डोळ्यांनी बघून गेले, म्हणजे उद्या कुणी काही कानावर घातलं तरी ते म्हणतील की नाही, माणसं चांगली आहेत.”

माधव हा गुरुजींचा धाकटा मुलगा. तो कॉलेज सोडून चळवळीत पडला होता आणि पाच महिने विसापूरच्या तुरुंगात होता. विनायक त्याला भेटायला एकदाही गेला नव्हता. तुरुंगाच्या भेटीच्या वहीत जाऊन सहीच कशी करणार? माधवनं जाताना भावाला ‘साहेबाचं ताट उचलणारा’ म्हटलं होतं. ते सगळ्या आळीनं ऐकलं होतं.

माझाही त्यात स्वार्थ होता. मेसमध्ये कुणाचा बँड बोलवायचा ते याच साहेबाच्या हातात असे. आठ माणसांच्या चुली त्यावर चालत. तेव्हा मी काही फार स्वच्छ मनानं गुरुजींकडे गेलो असं म्हणणार नाही.

गुरुजी ओसरीवर टकळीवर सूत कातत बसले होते. त्यांच्या पत्नी दोन वर्षांपूर्वी गेल्या होत्या. घरात ते, विनायक, त्याची बायको आणि गुरुजींची थोरली बहीण अक्का. अक्का बालविधवा. चौदाव्या वर्षी कपाळ मोकळं झालं आणि तेव्हापासून भावाच्या घरी. माझ्यासाठी चहा आला. माझा कप वेगळा होता, पिऊन झाला की तो मीच विसळायचा आणि बाहेरच्या कोनाड्यात पालथा घालायचा. तेव्हा त्यात मला काही वाटलं नाही, गुरुजींनाही वाटलं नाही. आता कधी कधी वाटतं.

मी चालीची गोष्ट काढली. गुरुजींची टकळी थांबली.

“इब्राहीम, ज्यांनी माझं पोर कोंडलंय, त्यांची चाल माझ्या पाटासमोर वाजणार नाही. वाजवलीस तर मी पाटावरून उठेन. साहेब असो की साहेबाचा बाप असो.”

“बाबा, साहेबांसमोर उठलात तर माझं काय होईल?” विनायक आतून म्हणाला.

“तू त्याला बोलावलंस. मी नाही.”

मग मी दुसरं काही सुचवायला लागलो. रामजन्माचं एखादं गाणं वाजवू का? गुरुजी म्हणाले, “मी काय राम आहे?” लग्नातली सनईची चाल? “साठाव्या वर्षी? लोक मुलगी शोधतील.” भजन? भजन चाललं असतं, पण विनायक म्हणाला की भजन ऐकून साहेबाला वाटेल कुणीतरी गेलं. देशाचं गाणं तर काढायची सोयच नव्हती. अर्धा तास असा गेला. शेवटी मी वैतागून, खरं सांगायचं तर सुटका करून घ्यायला म्हणून विचारलं, “गुरुजी, तुमच्या बारशाला कोणता पाळणा म्हटला होता? तीच चाल वाजवतो. वाढदिवसच आहे ना? पहिल्या दिवसाचं गाणं काय वाईट?”

गुरुजी हसले. “ते अक्काला विचार. मी झोपलो होतो.”

अक्का माजघराच्या दाराआड उभ्या होत्या. त्या म्हणाल्या, “त्याचा पाळणा म्हटलाच नाही.”

बहुतेक हे गुरुजींनाही नवीन होतं, कारण त्यांनी मान वळवून दाराकडे बघितलं.

अक्कांनी सांगितलं ते असं. गुरुजींच्या आधी तीन मुलगे झाले आणि तिन्ही वर्षाच्या आत गेले. तिघांचीही बारशी थाटात झाली होती, तिघांनाही पाळणे म्हटले होते. चौथा झाला तेव्हा आईनं ठरवलं की याचं काहीच करायचं नाही. जन्मल्यावर त्याला उकिरड्यावर ठेवलं. शेजारणीनं उचलून नेलं आणि आईनं मूठभर कोंडा देऊन तो परत विकत घेतला. दगडाधोंड्याला नजर लागत नाही म्हणून नाव ठेवलं धोंडू. पाळण्यात घातला नाही, झोळीत वाढवला. अक्का तेव्हा बारा वर्षांच्या. झोळी हलवायला त्याच बसायच्या.

“आईनं मला शपथ घातली होती,” अक्का म्हणाल्या. “झोका दे, पण तोंडातून सूर काढू नको. ऐकणारं ऐकतं आणि घेऊन जातं, म्हणायची. मी ओठ मिटून झोके दिले.”

मी म्हटलं, “अक्का, आता साठ झाली. आता म्हणा.”

“मी?” त्या दाराआडून थोड्या बाहेर आल्या. “अरे, शुभकार्याला मी पुढं सुद्धा येत नाही. विधवेच्या तोंडचा पाळणा कुणाला लाभेल का? आणि घरातलं एक पोर आत पडलंय. आता मी सूर काढायचा आणि त्याला काही झालं तर? नको रे बाबा.”

गुरुजींचं सूत तुटलं होतं, ते जोडत बसले.

पुढच्या आठवड्यात मी दोनदा तिथं गेलो. सायकलवर क्लॅरिनेट बांधून नेलं. अंगणात बसून, आपल्याकडे घरोघर म्हणतात तशी पाळण्याची साधी चाल वाजवली. माझी आई मला दखनी बोलीत म्हणायची तिचीही चाल फार वेगळी नव्हती. पहिल्या दिवशी अक्का बाहेर आल्या नाहीत. दुसऱ्या दिवशी खिडकीतून आवाज आला, “इतक्या जोरात हलवशील तर पोर पडेल खाली. हळू.”

मी हळू वाजवलं.

“अजून हळू. झोका जाऊन परत यायला वेळ लागतो की नाही?”

चालीतली लय मला त्या वेळी समजली. अडतीस वर्षं वाजवलं, त्यात मोजून दोन-तीन वेळा कुणी मला काही शिकवलं असेल, त्यातली ही एक. पण गाण्याबद्दल विचारलं तर त्या मान हलवायच्या. मी ठरवलं, नुसती चाल वाजवायची. ती इंग्रजी नव्हती, गुरुजी उठणार नव्हते. साहेबाला काय, वाद्य वाजलं म्हणजे झालं.

साठीच्या दिवशी होम आटोपला. गुरुजी पाटावर बसले. समोर साठ दिव्यांचं ताट घेऊन सून उभी राहिली. आम्ही अंगणात, ओसरीच्या पायरीला लागून. साहेब बूट काढून खुर्चीवर बसला होता, त्याच्या मोज्याला अंगठ्यापाशी भोक होतं आणि तो पाय मागे घेत होता. विनायक त्याच्या शेजारी वाकून सगळं इंग्रजीत समजावत होता. अक्का नेहमीच्या जागी, दाराआड.

सुनेनं ओवाळायला ताट उचललं तसा साहेब उत्साहानं पुढे झुकला. “मास्टर! बर्थडेवाला बजाओ. हम गाएगा.”

विनायकनं माझ्याकडे बघितलं. त्याच्या बघण्यात काय होतं ते मला आजही नीट सांगता येणार नाही. विनवणी होती आणि थोडी धमकीही. गुरुजींनी दोन्ही हात जमिनीला टेकले. ते उठायच्या तयारीत होते.

मी शंकरला ढोलावरून हात काढायला सांगितला आणि एकट्यानं पाळण्याची चाल सुरू केली. हळू, अक्कांनी सांगितली तितकी हळू.

साहेब तोंड उघडून थांबला. ही त्याची चाल नव्हती. सून ताट धरून उभी, ओवाळावं की नाही तिला कळेना. एक आवर्तन झालं. दुसरं सुरू केलं. गुरुजींचे हात अजून जमिनीला होते. नुसती चाल जमलेल्या माणसांना किती वेळ धरून ठेवते याचा वाजवणाऱ्याला अंदाज असतो. माझ्या हिशेबानं फार तर आणखी एक आवर्तन.

तेव्हा गुरुजी मान न वळवता म्हणाले, “अक्का, बाहेर ये. मी साठ वर्षं जगलोय. आता कोण काय ऐकणार आहे?”

अक्का उंबऱ्यापर्यंत आल्या. तिथं थांबल्या. सुनेनं एका हातानं ताट सावरलं आणि दुसऱ्या हातानं त्यांचा हात धरून त्यांना उंबऱ्याच्या अलीकडे घेतलं. त्या पोरीचं मला आजही कौतुक वाटतं. अक्कांनी डोळे मिटले आणि गायला लागल्या. आवाज फाटलेला, पण सूर पक्का.

पाळण्यात बाळाचे दिवस मोजतात, पहिल्या दिवशी असं, दुसऱ्या दिवशी तसं. अक्कांनी दिवसांऐवजी दहा-दहा वर्षं मोजली. हे त्यांनी आधी जुळवून ठेवलं होतं की तिथं उभ्या उभ्या केलं, मी कधी विचारलं नाही.

पहिल्या दहांत, कोंड्याच्या मोलानं
फेडलं हो देणं, भिऊन आईनं
झोका दिला मुका, थोरल्या बहिणीनं
जो जो रे धोंडू, जो जो रे

दुसऱ्या दहांत, अक्षरं धुळीतून
वाऱ्यानं पुसली, गिरवली फिरून
अक्काच्या पदराला हात पुसून
जो जो रे धोंडू, जो जो रे

गुरुजींचे हात जमिनीवरून उचलले गेले आणि मांडीवर आले. आळीतल्या बायका दुसऱ्या कडव्यापासून ‘जो जो रे’ धरायला लागल्या. साहेब विनायकच्या कानाला लागला आणि प्रत्येक ओळीला ‘काय म्हणते?’ म्हणून विचारायला लागला. विनायक सांगत होता. कोंड्याचं सांगितल्यावर साहेब हसला आणि मग हसायचं थांबला.

चौथं कडवं दोन मुलांचं होतं. त्यातले शब्द मला आठवत नाहीत. आम्हां वाजवणाऱ्यांचा हा दोष आहे, आमचं लक्ष सुराकडे. शिवाय त्या वेळी मी साहेबाकडे बघत होतो. अक्कांच्या तोंडी दुसऱ्या मुलाची गोष्ट आली तसा विनायक बोलायचा थांबला. साहेबानं विचारलं, पुढं काय? विनायक खाली बघत राहिला. अक्का तेच कडवं पुन्हा म्हणायला लागल्या, कारण बायकांनी ‘जो जो रे’ धरलं नव्हतं. साहेबानं पुन्हा विचारलं.

विनायकनं मान वर केली आणि सांगितलं. मला मेसमुळे थोडं इंग्रजी समजायचं. त्यानं ओळींचा अर्थ सांगितला आणि मग साहेबानं ‘दुसरा मुलगा कुठं आहे?’ असं विचारल्यावर म्हणाला, “विसापूरच्या तुरुंगात, सर. माझा धाकटा भाऊ आहे.”

मी वाजवत राहिलो. थांबणं जास्त वाईट झालं असतं. साहेबानं खिशातून रुमाल काढून कपाळ पुसलं, परत खिशात ठेवला. अक्कांचं पाचवं कडवं झालं, सहावं झालं. सुनेनं ओवाळलं. मग साहेब उठून गुरुजींपुढे गेला, हात पुढे केला. गुरुजींनी दोन्ही हात जोडले. साहेबानंही हात जोडले. तो जेवला नाही. एक लाडू हातात घेऊन गाडीत बसला.

संध्याकाळी बँडचं सामान बांधताना मी विनायकला विचारलं, “अरे, खोटं सांगता आलं असतं. अक्कांना कुठं इंग्रजी कळतं?”

“बाबांना कळतं,” तो म्हणाला. ढोलाची दोरी आवळायला हात लावत म्हणाला, “आणि मास्तर, पहिली तीन कडवी खरी सांगितली होती. चौथं खोटं सांगायला जीभ वळेना.”

दोन महिन्यांनी विनायकची बदली देवळालीला झाली. नोकरी राहिली, पण घर सुटलं. आमचे मेसमधले रविवारही त्या उन्हाळ्यात बंद झाले. त्या दिवसामुळे झाले की लढाईच्या धामधुमीत झाले, ते साहेबानं सांगितलं नाही आणि मी विचारायला गेलो नाही. बँडमधल्या दोघांनी मला सोडून केडगावात दुसरा बँड काढला. मास्तरानं एका म्हातारीच्या गाण्यापायी आमच्या पोटावर पाय दिला, असं ते सांगत फिरले. त्यांचं अगदी चूक होतं असं मला म्हणवत नाही.

माळीवाड्यात मात्र त्या पाळण्याचं नाव झालं. पुढची काही वर्षं साठीच्या घरांतून मला बोलावणी यायची. दर ठिकाणी मी एकच विचारायचो, झोळी कुणी हलवली होती? ती बाई हयात असली तर तिला पुढे बसवा, मी मागून वाजवतो. बहुतेक ठिकाणी ती बाई आजारी असायची किंवा बहिरी झालेली असायची, किंवा कुणाला माहीतच नसायचं. मग मी नुसती चाल वाजवून यायचो. चाल चांगली होती. पण माळीवाड्यात झालं ते पुन्हा झालं नाही.

अक्का गुरुजींच्या साठीच्याच वर्षी पावसाळ्यात गेल्या. माधव तेव्हा आतच होता. तो सुटून आला तो पुढच्या वर्षी, दाढी वाढलेला, एका कानानं कमी ऐकू येणारा. आल्यावर आठ दिवसांत तो माझ्याकडे भिंगारला आला.

“अक्का माझ्याबद्दल काय म्हणाली होती?” त्यानं विचारलं. “आळीतल्या बायका सांगतात, तुझं कडवं होतं. शब्द कुणालाच येत नाहीत.”

मी म्हटलं, “मलाही येत नाहीत. गुरुजींना विचार.”

“विचारलं. ते म्हणतात, पहिल्या कडव्यानंतर मला काही ऐकू आलं नाही.”

गुरुजी आयुष्यभर मुलांना ‘लिहून ठेवा, लिहून ठेवा’ म्हणणारे, पण त्या दिवशी त्यांनी काही लिहून ठेवलं नव्हतं. मग मला सुचलं ते मी बोललो. “ते कडवं एकाच माणसानं नीट ऐकलं होतं. त्याला ते साहेबाला सांगायचं होतं ना.”

माधव उठून निघून गेला. मला वाटलं, संपलं. पण पंधरा दिवसांनी, देवळालीहून विनायक रजेवर आला होता तेव्हा, दोघंही माझ्या दारात उभे. दोघांत दोन हातांचं अंतर. माधवनं त्याला पत्र लिहून बोलावलं की विनायक आपणहून आला, मी विचारलं नाही.

विनायक म्हणाला, “मास्तर, मला मराठी शब्द आठवत नाहीत. डोक्यात इंग्रजीच राहिलंय, मी साहेबाला सांगितलं तेवढंच.” आणि त्यानं ते इंग्रजीतच म्हणून दाखवलं. अर्थ असा होता की, दोन मुलगे आहेत, एक उंबऱ्यावर बसलाय, एक कुलुपाआड. म्हातारीचा हात एकच चालतो. ती आधी कुणाला भरवणार?

माधवनं खिशातून कागद काढला. त्याचं मराठी करायला बसला. ‘उंबऱ्यावर एक, कुलुपाआड एक’ असं लिहिलं. मी वाजवून बघितलं, बसेना. झोका अर्ध्यात अडकत होता.

“कुलूप नव्हतं,” विनायक म्हणाला. “दार होतं. दाराआड एक.”

“तू आत्ता कुलूप म्हणालास.”

“इंग्रजीत म्हणालो. साहेबाला कळावं म्हणून. अक्का कुलूप म्हणणार नाही, तिच्या तोंडी दारच येईल.”

“तुला काय माहीत? दाराआड तर ती स्वतः राहायची.”

“म्हणूनच!”

दोघांचे आवाज चढले. दीड वर्ष जे एकमेकांशी बोलले नव्हते ते माझ्या ओट्यावर कागद एकमेकांच्या हातातून ओढत बसले. मी एकदा कुलुपाला वाजवलं, एकदा दाराला वाजवलं. दारालाही बसेना. ते सांगायला मी तोंड उघडलं आणि परत मिटलं. क्लॅरिनेट ओठाला लावलं आणि म्हटलं, “पुन्हा म्हणा. पहिल्यापासून.”